कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई

‘युगान्त’ वाचलेल्या मैत्रिणींना इरावती कर्वे वेगळ्या सांगायला नकोत. कुंती, द्रौपदी, गांधारी यांच्याकडे देव्हाऱ्याबाहेरच्या बायका म्हणून बघायला त्यांनीच आपल्याला शिकवलं. पण बाईंचं मूळ काम दुसरंच होतं, बरं का! माणसं आली कुठून, कोण कोणाच्या नात्यातलं, हे शोधायचं. त्यासाठी हाडं आणि कवट्यासुद्धा हाताळायच्या.

जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीचंच नाव मुलीला मिळालं. सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेत शिकायला पाठवलं. पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी ती लेकीसारखी वाढली. फर्ग्युसन कॉलेज झालं, मुंबईला एम. ए. झालं आणि महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी लग्न झालं.

मग निघाला जर्मनीला जाण्याचा विषय. बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य झिजवलेले सासरे, पण सुनेनं इतक्या लांब जावं हे त्यांच्या मनाला पटेना. नवरा मात्र ठामपणे पाठीशी उभा राहिला. १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला पोहोचल्या.

तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. यांच्या वंशशास्त्राचा आधार पुढे नाझींनी घेतला. गोऱ्या युरोपीय माणसाची बुद्धी श्रेष्ठ आणि ते त्याच्या कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकावरून दिसतं, असा त्यांचा कयास होता. तो पडताळायचं काम आलं या मराठी मुलीकडे. दीडशेच्या आसपास कवट्या तिने एकेक करून मोजल्या. त्यात युरोपातल्या होत्या, तशा आफ्रिकेतल्याही होत्या. डावी-उजवी बाजू थोडी कमी-जास्त सगळ्यांचीच निघाली. वंशाशी त्याचा काही संबंध लागेना!

आता काय लिहायचं? पदवी गुरुजींच्या हातात, आपण परदेशात, एकट्या. गुरूंना हवं ते लिहिलं असतं तर विचारणारं कोण होतं? पण बाईंनी जे मोजलं तेच लिहिलं. डॉक्टरेट मिळाली, पण गुण हात आखडूनच मिळाले.

पुण्याला परतल्यावर १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. पुण्याच्या रस्त्यावरून स्कूटर चालवणारी बाई म्हणून लोक त्यांच्याकडे वळून बघत, पण बाईंना त्याचं काय! हसमुख सांकलियांबरोबर त्या गुजरातेत लांघणजला गेल्या. तिथे वाळूच्या टेकाडात अश्मयुगातल्या माणसांचे सांगाडे निघाले, त्यांचा अभ्यास केला. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जातींची मोजमापं घेतली. नावाने एक असलेल्या पोटजाती मुळात एकाच घरातून फुटलेल्या असतातच असं नाही, वेगवेगळे गट एका नावाखाली आलेले असू शकतात, असं त्यांनी मांडलं. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या.

त्यांच्या काळी हातात होती ती मोजपट्टी. पण डोक्याचा आकार खाण्यापिण्यानं, राहणीमानानंही बदलतो. त्यावरून मूळ कसं कळणार? आता हाडातला डीएनए वाचता येतो. तो आईवडिलांकडून येतो, त्यामुळे नात्याचा माग लागतो. आणि गंमत म्हणजे, हा जुना डीएनए सगळ्यात चांगला टिकतो तो कवटीतच, कानाच्या आतल्या टणक हाडात!

हरियाणातल्या राखीगढीला डेक्कन कॉलेजच्याच डॉ. वसंत शिंदे यांच्या पथकाने उत्खनन केलं. साठाहून जास्त नमुने तपासल्यावर एकाच सांगाड्यातून पुरेसा डीएनए हाती आला. तो होता साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईचा. २०१९ साली निष्कर्ष छापून आले. तिच्यात प्राचीन इराणी लोकांशी नातं सांगणारा एक वारसा होता आणि इथल्या जुन्या शिकारी लोकांचा दुसरा. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून आलेल्या पशुपालकांचा अंश तिच्यात नव्हता. तो इथे नंतर मिसळला. आज आपल्यापैकी बहुतेकांत हे तिन्ही वारसे कमी-अधिक प्रमाणात आहेत.

म्हणजे हडप्पाकाळातली ती बाईसुद्धा मिश्रच होती. तेव्हा लग्नाच्या बैठकीत कुणी आपल्या घराण्याच्या शुद्ध रक्ताचा तोरा मिरवू लागलं, तर राखीगढीच्या या बाईची गोष्ट त्यांना जरूर सांगा. आणि बर्लिनमध्ये खरं तेच लिहिणाऱ्या आपल्या इरावतीबाईंचीही!