वलवणचे पाणी आणि परळची सुई

पुण्याहून मुंबईला जाताना लोणावळ्याच्या अलीकडे वलवणचा तलाव लागतो. चिक्कीच्या ओढीने पुढे जाणाऱ्यांचे त्याच्याकडे फारसे लक्ष जात नाही. या परिसरातल्या तलावांचे पाणी घाटाखाली सुमारे ५०० मीटर उतरून खोपोलीला वीज निर्माण करते. कल्पना जमशेटजी टाटांची. १९०४ साली ते गेले आणि ती तडीस नेली थोरले चिरंजीव दोराबजी यांनी. १९११ साली कोनशिला बसली आणि १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना ही वीज मिळू लागली. पुढे शेजारच्या मुळशीत टाटांच्याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांसह मावळातले शेतकरी उभे राहिले. बुडालेल्या जमिनींचा तो हिशेब दोराबजींच्या चरित्रातून वगळता येणार नाही.

१८५९ साली जन्मलेले दोराबजी केंब्रिजला शिकले, परतल्यावर काही काळ वर्तमानपत्रात बातमीदारी केली. खेळांचा नाद मोठा. १९२० साली भारतीय खेळाडू ऑलिंपिकला गेले ते त्यांच्याच पुढाकाराने. १८९८ साली मेहेरबाई भाभा त्यांच्या पत्नी झाल्या.

१९२४ साली जमशेदपूरचा पोलाद कारखाना बुडण्याच्या बेताला आला. दोराबजींनी सुमारे एक कोटीची खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. त्यात मेहेरबाईंचा २४५ कॅरटचा ज्युबिली हिराही होता. तारणाच्या कागदांत माझी उमेद गेली, पण कारखान्यासाठी बायकोचा हिरा ठेवणारा मालक काही मला भेटला नाही.

कारखाना सावरला. १९३१ साली मेहेरबाई मात्र रक्ताच्या कर्करोगाने इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये गेल्या. दोराबजींनी आपली जवळजवळ सारी मालमत्ता विश्वस्त निधीला देऊन टाकली आणि त्यांच्या समाधीच्या दर्शनाला निघाले. वाटेत, जर्मनीत, जून १९३२ मध्ये त्यांचेही निधन झाले. विश्वस्तांनी त्या पैशातून परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभारले. ते फेब्रुवारी १९४१ मध्ये सुरू झाले.

आज त्याच रुग्णालयात वीज वेगळेच काम करते. यकृतात गाठ आहे, पण सिरोसिसमुळे यकृत इतके दुबळे की कापाकापी सोसणार नाही, अशा रुग्णाला पूर्वी फार थोडे देता येई. आता सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर पाहत पाहत त्वचेतून एक बारीक सुई थेट गाठीत नेतात. आपल्या घरातला प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करतो, सुईतला करतो सुमारे पाच लाख. इतक्या वेगाला स्नायू आणि नसा दाद देत नाहीत, झटका बसत नाही. हे फ्रान्सच्या दार्सोनव्हाल यांनी १८९१ सालीच दाखवले होते. पेशींतले विद्युतभारित कण मात्र थरथरतात, घर्षणाने ऊती ६० अंशांच्या वर तापतात आणि गाठ जागच्या जागी शिजून मरते. पोट उघडावे लागत नाही.

तरी सगळ्या गाठी या सुईला वश होत नाहीत. तीन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींवर ती चांगली चालते. शेजारी मोठी रक्तवाहिनी असेल तर वाहते रक्त उष्णता घेऊन जाते आणि कडेच्या पेशी वाचतात. पित्तनलिका किंवा आतडे जवळ असेल तर भाजण्याची भीती. म्हणून आपल्या माणसासाठी विचारायला जाल तेव्हा गाठ केवढी, किती आणि नेमकी कुठे, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

मेहेरबाईंच्या आजारावर ही सुई चालली नसती. रक्ताचा कर्करोग एका जागी बसत नाही. त्याच्या संशोधनासाठी दोराबजींनी पत्नीच्या नावे वेगळा निधी ठेवला होता, तो आजही देशोदेशींच्या संशोधकांना मदत करतो.