जनुकाचा पहारेकरी शोधणारे झाक मोनो

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूला ग्लुकोज आणि दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, एकत्र दिली तर तो आधी ग्लुकोज संपवतो. मग त्याची वाढ थोडा वेळ थांबते आणि त्यानंतरच तो लॅक्टोजकडे वळतो. पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी काम करताना झाक मोनो यांना जीवाणूंच्या वाढीच्या आलेखात हा खंड दिसला. त्या वेळात जीवाणू करतो तरी काय, हा प्रश्न त्यांना पुढे वीस वर्षे पुरला.

मोनो यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील चित्रकार, आई अमेरिकन. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे ते किंचित लंगडत, तरीही कडे चढणे आणि शिडाची नौका हाकणे हे त्यांचे छंद होते. चेलो हे वाद्य ते उत्तम वाजवत. १९३६ मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेवर जाण्याऐवजी ते जनुकशास्त्र शिकायला अमेरिकेत गेले. मोहिमेचे ते जहाज परतताना आइसलंडजवळ बुडाले आणि एकच खलाशी वाचला.

१९४१ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली, तेव्हा पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. मोनो भूमिगत चळवळीत उतरले. प्रयोगशाळेबाहेर ठेवलेल्या जिराफाच्या पायातील पोकळ हाडांत ते गुप्त कागद लपवत. युद्धानंतर ते पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले. १९४८ मध्ये सोव्हिएत सत्तेने लायसेन्कोच्या आग्रहाखातर जनुकशास्त्रावर बंदी आणली, तेव्हा एकेकाळी कम्युनिस्ट पक्षात असलेल्या मोनो यांनी वर्तमानपत्रातून त्याचा जाहीर निषेध केला.

लॅक्टोजचे कोडे सुटले ते फ्रान्स्वा जाकॉब आणि आर्थर पार्डी यांच्यासोबतच्या प्रयोगांतून. लॅक्टोज पचवणारी जनुके जीवाणूत कायमच असतात, पण एक पहारेकरी रेणू डीएनएवर बसून त्यांना बंद ठेवतो. लॅक्टोज आले की तो उठतो आणि जनुके कामाला लागतात. जनुकाला बटण असते, ही कल्पना जाकॉब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये मांडली. हा पहारेकरी आरएनए असावा, असा त्यांचा कयास मात्र चुकला. १९६६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी तो वेगळा काढला, तेव्हा तो प्रथिन निघाला. दरम्यान १९६५ मध्ये मोनो, जाकॉब आणि आंद्रे ल्वॉफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते.

एक प्रश्न उरला. ई. कोलायच्या डीएनएमध्ये सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या असतात. पहारेकऱ्याची मुख्य जागा जेमतेम वीस-एकवीस जोड्यांची आणि पेशीत असे पहारेकरी दहाच्या आसपास. मग नेमकी जागा सापडते कशी?

याचे उत्तर त्या प्रथिनाच्या एका छोट्या, लवचीक तुकड्यात आहे. डीएनएला धरणारे डोके आणि बाकीचे प्रथिन यांना जोडणारी ही जणू बिजागरीच. डीएनएवर भलत्या ठिकाणी असताना हा तुकडा सैल, बिनआकाराचा राहतो. तिथली पकड ढिली असल्याने प्रथिन पुढे सरकू शकते. नेमका अक्षरक्रम आला की सैल दोरीला पीळ बसावा तसा तुकडा वळतो. असे दोन पिळदार तुकडे शेजारी येऊन डीएनएच्या अरुंद खाचेत शिरतात, खाच रुंदावते, डीएनए वाकतो आणि पकड घट्ट होते. लॅक्टोजपासून बनणारा एक रेणू प्रथिनाला चिकटला की ही पकड पुन्हा सुटते. हा तुकडा कायमच ताठ असता, तर प्रथिन भलत्या जागीही अडकून बसले असते. लवचीकपणा हीच इथे पारख ठरते. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये हा फरक रेणूच्या पातळीवर दाखवून दिला.

प्रथिने आकार बदलून काम करतात, हा विचार १९६० च्या दशकात मोनो यांनीच रुजवला होता. पण त्यांच्या मांडणीत प्रथिनाचे आकार ठरलेले होते. ज्याला आधी आकारच नाही आणि योग्य जागी पोहोचल्यावरच जो आकार घेतो, असा तुकडा पाहण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले नाही. १९७१ पासून पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालकपद सांभाळणारे मोनो ३१ मे १९७६ रोजी कान येथे निवर्तले.

माणसाच्या पेशीतही जनुके चालू-बंद करणाऱ्या बहुतेक प्रथिनांत असे सैल तुकडे आढळतात. कर्करोगाला आवर घालणारे पी-५३ हे प्रथिन त्यांपैकीच एक. त्याची सैल शेपटी डीएनएला धरायला मदत करते आणि सुमारे निम्म्या कर्करोगांत या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असतो. त्यामुळे एका जीवाणूच्या जेवणातील खंडापासून सुरू झालेला हा शोध आता आपल्या आरोग्याशी येऊन भिडला आहे.