हान्स पीटर लून

हान्स पीटर लून (१ जुलै, इ.स. १८९६ – १९ ऑगस्ट, इ.स. १९६४) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन अभियंते व संशोधक होते. लेखातील शब्द यंत्राकडून मोजून घेऊन, त्यांतील कळीच्या शब्दांच्या आधारे हवे ते साहित्य शोधण्याच्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. बँकेच्या कार्डांवरील क्रमांक पडताळण्याची रीतही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पूर्वायुष्य

लून यांचा जन्म जर्मनीतील बार्मेन येथे झाला. वडील मुद्रक होते. पहिल्या महायुद्धात लून यांनी जर्मन सैन्यात काम केले. पुढे ते वस्त्रोद्योगात शिरले आणि त्याच निमित्ताने इ.स. १९२४ मध्ये अमेरिकेत गेले. कापडातील धाग्यांची दाटी मोजणारे ‘लुनोमीटर’ हे त्यांचे उपकरण प्रसिद्ध आहे. इ.स. १९४१ मध्ये ते आय.बी.एम. या कंपनीत रुजू झाले. त्यांच्या नावावर ८०हून अधिक पेटंटे होती.

माहितीशोधातील कार्य

दुसऱ्या महायुद्धानंतर वैज्ञानिक लेखांची संख्या झपाट्याने वाढली. प्रत्येक लेख तज्ज्ञाने वाचून त्याची विषयसूची करण्याची जुनी रीत तोकडी पडू लागली. रसायनशास्त्रातील साहित्य यंत्राने शोधता येईल का, अशी विचारणा जेम्स पेरी व माल्कम डायसन या रसायनशास्त्रज्ञांनी आय.बी.एम.कडे केली आणि ते काम लून यांच्याकडे आले. त्यातून छिद्रित कार्डे वाचून शोध घेणारे ‘लून स्कॅनर’ हे यंत्र तयार झाले.

इ.स. १९५७ व १९५८ मधील लेखांत लून यांनी आपला मूळ विचार मांडला. यंत्राला अर्थ कळत नसला तरी शब्द मोजता येतात. सर्वत्र येणारे ‘आणि’, ‘हा’ यांसारखे शब्द विषय सांगत नाहीत, तसेच एखाद्याच वेळी आलेला शब्दही सांगत नाही. या दोहोंमधील वारंवारतेचे शब्द लेखाचा आशय दर्शवितात. असे शब्द ज्या वाक्यांत दाटीने येतात ती वाक्ये निवडून यंत्राने लेखाचा गोषवारा तयार करावा, असे त्यांनी दाखवून दिले. एकाच शब्दाची निरनिराळी रूपे एक मानण्यासाठी आरंभीच्या अक्षरांची तुलना करण्याची सोपी युक्तीही त्यांनी वापरली.

‘क्विक’ सूची ही त्यांची सर्वाधिक प्रचारात आलेली देणगी होय. या सूचीत शीर्षकातील प्रत्येक महत्त्वाचा शब्द आळीपाळीने स्तंभाच्या मध्यभागी येतो व त्याच्या दोन्ही बाजूंस शीर्षकाचा उरलेला भाग राहतो. ‘विदर्भातील कापूस आणि बोंडअळी’ असे शीर्षक असल्यास ते विदर्भ, कापूस व बोंडअळी या तिन्ही ठिकाणी सापडेल. ‘आणि’ मात्र वगळला जाईल. शीर्षकातील शब्दांवर सूची रचण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकात मँचेस्टर येथे आंद्रेआ क्रेस्तादोरो यांनी मांडली होती. लून यांनी ती संगणकाच्या वेगाशी जोडली. ‘केमिकल टायटल्स’ या नियतकालिकाने ही पद्धत स्वीकारली.

वाचकाच्या आवडीचे विषय आधी नोंदवून ठेवावेत आणि नव्या साहित्याशी जुळवून त्याला आपोआप कळवावे, अशी योजनाही त्यांनी इ.स. १९५८ मध्ये मांडली.

मर्यादा

या पद्धतीचा भर शब्दांवर असल्याने समानार्थी शब्द निसटतात. ‘मलेरिया’ शोधणाऱ्याला शीर्षकात केवळ ‘हिवताप’ असलेला लेख मिळत नाही. तज्ज्ञाच्या सूचीत ही उणीव भरून निघे. यंत्राच्या सूचीला मात्र वेग होता. हा तिढा पुढील संशोधनाचा विषय ठरला. मोजणीची रीतही सुधारत गेली. इ.स. १९७२ मध्ये कॅरेन स्पार्क जोन्स यांनी, संग्रहातील थोड्याच लेखांत आढळणाऱ्या शब्दाला अधिक वजन द्यावे, असा विचार मांडला.

अन्य शोध

संग्रहातील नोंद झटपट सापडावी म्हणून नोंदींचे गट पाडून ठेवण्याची ‘हॅशिंग’ ही कल्पना लून यांनी इ.स. १९५३ मधील एका अंतर्गत टिपणात मांडली. क्रमांकातील चूक ओळखणाऱ्या ‘लून अल्गोरिदम’चे पेटंट त्यांना इ.स. १९६० मध्ये मिळाले. या रीतीत उजवीकडून दर दुसरा अंक दुप्पट करून (दुप्पट दोन अंकी आल्यास त्यातील अंक मिळवून) बेरीज करतात. तिला १० ने निःशेष भाग गेला तरच क्रमांक ग्राह्य ठरतो. भारतातील डेबिट व क्रेडिट कार्डे आणि मोबाइल संचांचे आय.एम.ई.आय. क्रमांकही याच रीतीने पडताळले जातात.

निधन

इ.स. १९६१ मध्ये लून आय.बी.एम.मधून निवृत्त झाले. इ.स. १९६४ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील आर्मंक येथे त्यांचे निधन झाले. अतिसामान्य शब्द वगळणे आणि शब्दांच्या वारंवारतेवरून त्यांचे महत्त्व ठरविणे, ही त्यांनी रूढ केलेली तत्त्वे पुढील शोधयंत्रणांच्या घडणीत पायाभूत ठरली.