प्रांत मोठा की संघ? ओल्डेनबार्नेफेल्ट यांची शोकांतिका

रायस्वाइकच्या वनराईतील दगडी स्तंभ १६९७ च्या तहाचे स्मारक आहे. त्या तहात डच प्रजासत्ताक एक सत्ता म्हणून सहभागी झाले. आतून मात्र तो सात सार्वभौम प्रांतांचा संघ होता. हाच पेच योहान फान ओल्डेनबार्नेफेल्ट यांच्या प्राणांवर बेतला होता.

१५४७ मध्ये आमर्सफोर्ट येथे जन्मलेले हे विधिज्ञ १५८६ मध्ये हॉलंड प्रांताचे मुख्य वकील झाले. संघसभेत प्रत्येक प्रांताला एकच मत असले, तरी निम्म्याहून अधिक खर्च हॉलंड उचलत असे. त्यामुळे प्रांताचा हा सेवक संघाचाच सूत्रधार ठरला. १६०२ मध्ये स्पर्धक व्यापाऱ्यांना एकत्र आणून त्यांनी ईस्ट इंडिया कंपनी घडवली. १६०९ मध्ये स्पेनशी बारा वर्षांचा युद्धविराम साधला.

पुढे धर्मविषयक वाद मिटवण्यासाठी राष्ट्रीय धर्मपरिषदेची मागणी झाली. धर्म हा प्रांताचाच विषय, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या पुढाकाराने हॉलंडने १६१७ मध्ये नगरांना स्वतःचे शिपाई नेमण्याची मुभा दिली. सेनापती मॉरिट्स यांनी ते शिपाई बरखास्त केले आणि १६१८ मध्ये ओल्डेनबार्नेफेल्ट यांना अटक झाली. संघाने नेमलेल्या २४ न्यायाधीशांचा अधिकार त्यांनी अखेरपर्यंत मानला नाही. १३ मे १६१९ रोजी, रायस्वाइकला लागून असलेल्या हेगमध्ये, ७१ वर्षांच्या या मुत्सद्द्याचा शिरच्छेद झाला.

१७८७ मध्ये अमेरिकेची राज्यघटना घडली, तेव्हा जेम्स मॅडिसन यांनी दुबळ्या केंद्राचे उदाहरण म्हणून याच डच संघाकडे बोट दाखवले. संघ आणि राज्ये यांच्या वादाचा निवाडा तेथे पुढे सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. हेगमध्ये तो तलवारीने झाला होता.