दारी आलेला कवी : अँथनी राफ्टरी

आयर्लंडच्या खेड्यांत एकेकाळी दाराशी आलेल्या फिरस्त्याला सहसा विन्मुख पाठवत नसत. शेकोटीजवळ जागा, उकडलेले बटाटे आणि रात्रीपुरता आसरा त्याला मिळे. त्याबदल्यात तो गावोगावच्या बातम्या, गोष्टी आणि गाणी देई. वासुदेवाच्या झोळीत पसाभर धान्य घालणारी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा व्यवहार परका वाटणार नाही. अशाच एका फिरस्त्याची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

अँथनी राफ्टरीचा जन्म १७८० च्या सुमारास मेयो परगण्यातल्या गरीब घरात झाला. लहानपणी देवी आल्या आणि दृष्टी गेली. मोठेपणी तो फिडल वाजवू लागला. शेजारच्या गॉलवे परगण्यात, गोर्ट आणि क्रॉवेलच्या आसपास घरोघर फिरत त्याने आयुष्य काढले. तो आयरिश भाषेत गाणी रची. कुणाची स्तुती करी, तर कुणाचे वाभाडेही काढी, त्यामुळे लोक त्याला वचकून असत. १८२८ मध्ये गॉलवेच्या बाजाराला निघालेली होडी कॉरिब सरोवरात बुडून सुमारे वीस माणसे गेली. त्यांच्यावर त्याने रचलेले शोकगीत आजही गायले जाते.

आंधळ्या राफ्टरीने स्वतः एकही ओळ लिहून ठेवली नाही. १८३५ मध्ये तो वारला. दहा वर्षांनी बटाट्याच्या पिकावर रोग पडून मोठा दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देशोधडीला लागली. सर्वांत मोठा फटका आयरिश बोलणाऱ्या पश्चिम भागाला बसला.

गाणी मात्र टिकली. पुढे अनेक वर्षांनी लेखिका लेडी ग्रेगरी गोर्टच्या निराधारगृहात गेल्या, तेव्हा तिथल्या दोन म्हाताऱ्या वाद घालत होत्या. राफ्टरी मोठा, की त्याचा प्रतिस्पर्धी कॅलिनन? हक्काचे घर नसलेल्या त्या बायकांकडे कवी मात्र हक्काचे होते! लेडी ग्रेगरींनी पुढाकार घेतला आणि १९०० मध्ये राफ्टरीच्या थडग्यावर शिळा बसली. त्याची गाणी डग्लस हाइड यांनी गोळा केली आणि १९०३ मध्ये ग्रंथरूपाने छापली. हेच हाइड १९३८ मध्ये आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

आपल्या घरांतल्या आजीच्या ओव्याही बहुधा कुठे लिहिलेल्या नसतात. सुटीत नातवंडे जमली की त्या म्हणवून घ्याव्यात आणि वहीत उतरवून ठेवाव्यात, एवढेच आमचे सांगणे.