गुरुत्वाकर्षणाचा धडा आणि पाटणचा मठ

शालेय पदार्थविज्ञानाच्या उजळणीत गुरुत्वाकर्षण म्हटले की न्यूटनचेच नाव ओठांवर येते. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणला मात्र या विषयाच्या एका थोर पूर्वसूरीची स्मृती शिलालेखात कोरलेली आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. त्यातील 'गोलाध्याया'त पृथ्वीला आधार कशाचा, हा प्रश्न त्यांनी धसास लावला. एक आधार मानला तर त्याला दुसरा, त्याला तिसरा. त्यापेक्षा पृथ्वी स्वशक्तीनेच अवकाशात स्थिर आहे, असे त्यांनी मानले. जड वस्तूला पृथ्वी ओढून घेते, म्हणून ती पडताना दिसते, हेही त्यांनी सांगितले. ग्रहांच्या तात्कालिक गतीचे गणितही त्यांनी मांडले.

तथापि या ओढीचे माप सांगणारा नियम न्यूटनने १६८७ मध्ये दिला, हे खान्देशी अभिमानाच्या भरात विसरून चालणार नाही. शिवाय पाऱ्याने अर्धे भरलेल्या आऱ्यांचे चाक आपोआप फिरत राहील, ही आचार्यांची कल्पना ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमात बसत नाही. शाळकरी मुलालाही ती चूक आज दाखविता येईल.

सत्तरीच्या उंबरठ्यावर, ११८३ मध्ये, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. पुढे यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी असलेला त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी पाटणला मठ स्थापन केला. शके ११२८ मध्ये निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास दान दिले. गावातील विक्रीवरचा राजाचा कर या मठाला दिल्याची नोंद शिलालेखात तत्कालीन मराठीत आहे.