रेव्हरंड टिळक आणि बाप्तिस्मा

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. १८९३ मध्ये नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. रायपूरच्या तात्यापाऱ्यापासून हे तेव्हाचे संस्थानी गाव सुमारे ७० किलोमीटरांवर आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

यहुदी परंपरेत शुद्धिस्नान वारंवार घडे. योहानाने यार्देन नदीत त्याला पश्चात्तापाचा अर्थ दिला आणि आद्य ख्रिस्ती मंडळीत तो एकदाच व्हावयाचा प्रवेशविधी ठरला. शुद्धिस्नान ब्राह्मण समाजास अपरिचित नव्हते. परंतु या प्रवेशाने जात सुटत होती. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा स्वीकारला.

१९१७ मध्ये टिळकांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना स्थान होते. ज्या विधीचे मोल त्यांनी स्वतः घरसंसार पणास लावून दिले, तो त्यांनी इतरांसाठी प्रवेशाची अट मानला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.